आतला पॅड कोणी बघितलाच नव्हता: ब्रेक पॅडचा माझा अनुभव

आधी एक सांगते, गाडी सर्व्हिसिंगला देताना जॉबकार्डवर 'जुने पार्ट परत हवेत' असं स्वतः लिहा आणि मगच सही करा. मी मार्चमध्ये लिहिलं होतं म्हणून पुढचं सगळं कळलं, नाहीतर अजून दर आठ-नऊ महिन्यांनी नवीन पॅडचे पैसे भरत बसले असते.

माझी हॅचबॅक आठ वर्षं जुनी आहे. मुंबईत भांडुपहून सीप्झला ऑफिससाठी रोज जाते, गांधीनगर जंक्शनपासून जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मेट्रोच्या कामात सगळं फर्स्ट-सेकंड गियरचंच काम, म्हणजे ब्रेक वापरला जातोच. पण पहिले पॅड 38,000 किलोमीटर चालले होते, हाच रस्ता, मीच ड्रायव्हर. जूनमध्ये बदललेले दुसरे पॅड मार्चमध्ये 8,000 ला संपले. पुढच्या डाव्या बाजूने खर्र आवाज, सिग्नलला थांबलं की जळका वास, आणि घरी येऊन हात जवळ नेला तर डावं चाक उजव्यापेक्षा कितीतरी जास्त गरम.

जानेवारीत सर्व्हिस सेंटरला पेड सर्व्हिस झाली होती. त्यांच्या कागदावर पुढचे ब्रेक पॅड 60 टक्के शिल्लक असं लिहून टिक केलेलं. मार्चमध्ये तो कागद घेऊनच मी परत तिथे गेले. अॅडव्हायजरने कागद बघितला, गाडी आत घेतली आणि तासाभराने येऊन म्हणाला, "मॅडम पॅड गेलेत, बदलावे लागतील." मी विचारलं, दोन महिन्यांत साठ टक्के कसे संपले? तर म्हणे, "तुमची ड्रायव्हिंग स्टाईल, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता." मी अठरा वर्षं गाडी चालवतेय. राग आला, पण म्हटलं भांडण नको, पॅड बदला आणि जुने मला द्या.

आणि इथे खरी गंमत नाही, खरा त्रास सुरू झाला. गाडी बारा वाजता तयार, बिल भरलं, जुने पॅड कुठेत? "स्क्रॅपमध्ये गेले मॅडम." मी जॉबकार्ड दाखवलं. मग तो आत गेला, वीस मिनिटांनी दुसराच माणूस आला, तो म्हणाला ज्याने काम केलं तो जेवायला गेलाय. मग वॉरंटीचे पार्ट कंपनीला परत जातात म्हणे. अहो पण मी पैसे भरलेत, वॉरंटी कुठून आली? ऑफिसला हाफ डे टाकला होता तो पूर्ण दिवस झाला. वेटिंग एरियात बसलेले एक काका म्हणाले, "जाऊ दे ना ताई, जुन्या पॅडचं काय करणार?" त्यांचं मन चांगलं होतं, पण मला जाऊ द्यायचं नव्हतं. अडीच वाजता मॅनेजरच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले, तेव्हा तीन वाजता वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार पॅड हातात आले.

पुढच्या प्रत्येक चाकाच्या डिस्कला दोन पॅड असतात, एक आतून आणि एक बाहेरून. चारपैकी तिघांवर चांगलं सहा-सात मिलिमीटर मटेरियल होतं. चौथा एका टोकाला पार मागच्या पत्र्यापर्यंत गेलेला, दुसऱ्या टोकाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर.

मी तो पॅड काउंटरवर ठेवून विचारलं, की पेडल दाबल्यावर ऑइलचं प्रेशर डाव्या-उजव्या चाकाला सारखंच जातं, मग माझ्या पायामुळे एकच पॅड, तोही तिरका, कसा झिजेल? उत्तर आलं, "असं होतं कधीकधी." तीन तास थांबून हे उत्तर! आणि नवीन पॅड टाकूनही संध्याकाळी डावं चाक तेवढंच तापलेलं.

शनिवारी भांडुप स्टेशनजवळच्या आमच्या जुन्या गॅरेजवाल्या दादांकडे गेले. त्यांनी आधी ते चार पॅडच मागून घेतले. झिजलेल्याच्या पाठीवर पिस्टनचा, म्हणजे ऑइलच्या प्रेशरने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याचा, गोल ठसा होता, म्हणजे हा आतला. बाहेरच्याच्या पाठीवर तसा गोल नसतो, कॅलिपरच्या, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पंजाचा ठसा असतो. चाक न काढता फटीतून बघितलं की बहुतेक बाहेरचाच पॅड दिसतो, जानेवारीतले साठ टक्के तेच होते असं दादांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. आतला कोणी बघितलाच नव्हता.

मग गाडी जॅकवर, खाली स्टँड. पेडल दाबून सोडलं की उजवं चाक हाताने मोकळं फिरायचं, डावं पकडून राहायचं. दादांनी डाव्या कॅलिपरचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा बोल्ट, जरा सैल केला. तेव्हा चाक सुटलं असतं तर ऑइलचं प्रेशर आत अडकतंय, म्हणजे बहुतेक ऑइलची रबरी नळी (होज) आतून बसलीय असं धरायचं. ऑइल आलं पण चाक सुटलं नाही, म्हणजे काहीतरी जाम आहे. कॅलिपर खोलला, पिस्टन क्लॅम्पने सहज आत गेला, म्हणजे तो ठीक. कॅलिपर ज्या दोन स्लाइड पिनांवर सरकतो त्यातली वरची बोटाने सरकत होती, खालची पान्याने वळवून वळवून काढावी लागली. तिचा रबरी बूट फाटलेला, आत पावसाचं पाणी जाऊन गंज. कॅलिपर सरकतच नव्हता, त्यामुळे पिस्टन फक्त आतला पॅड दाबायचा आणि सोडल्यावरही तो डिस्कला घासत राहायचा, आणि एकच पिन अडकलेली म्हणून झीज तिरकी.

दोन्ही पिना, नवे बूट, भोक साफ करणं, सिलिकॉन ग्रीस, सगळं मिळून साडेआठशे रुपये. पंचेचाळीस मिनिटांत झालं!

ग्रीसवरून आठवलं, तिथे साधं चाकाचं ग्रीस चालत नाही, पेट्रोलियमवालं असलं तर रबर फुगतं आणि पिन परत अडकते, ब्रेकच्या पिनांसाठीचंच मागा. आणि पॅड तीन मिलिमीटरवर आला की बदलायचा, आवाजाची वाट बघू नका, कारण पॅड झिजल्यावर डिस्कला घासून आवाज करणारी पत्र्याची पट्टी बऱ्याच गाड्यांत प्रत्येक पॅडला नसते. आमच्यासारखी गाडी पावसाळाभर उघड्यावर उभी असेल तर पावसाळा संपल्यावर एकदा चाकं काढून चारही पिना सरकवून बघा.

काल दादांकडे चाक काढून मोजलं. पाच हजार किलोमीटर झालेत, डावा आतला आठ, बाहेरचा आठ, उजवे दोन्ही तेवढेच. मी फोटो काढून ठेवलाय. फोटोचंच अजून एक, पिना काढायच्या आधी कुठली वर आणि कुठली खाली होती त्याचा फोटो नक्की काढा, काही गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात.