पुंडामिलिया

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायला निघालो होतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावर माझी बॅग काट्यावर ठेवली आणि आकडा आला 17.7. मर्यादा 15 किलो, खांद्यावरची पर्स धरून. नवरा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "डबा."

डबा म्हणजे चिवड्याचा स्टीलचा डबा. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. लेकीने ते इतक्यांदा बजावलं होतं की शेवटी मी पिशवीतला चिवडा डब्यात भरला आणि वजन वाढवून बसले. काउंटरवरचा मुलगा बॅगेकडे बघत होता, मी देवाचं नाव घेत होते. 'वजन जास्त आहे, जाता येणार नाही' असं त्याने म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. पण नवऱ्याची बॅग अकरा किलोच भरली. काउंटरवरच्या मुलाने दोन्हींची बेरीज केली, हसला आणि म्हणाला, "करीबू, मामा." म्हणजे या, स्वागत आहे. तिथे माझ्या वयाच्या बाईला आदराने 'मामा' म्हणतात. पुढचे चार दिवस नवऱ्याला हा एक विनोद पुरला.

मला विमानाची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. त्याला एक रात्र कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, जुलैमधल्या धो धो पावसात दिल्लीहून मुंबईला येत होते. चाकं उतरल्याचा आवाज झाला, खाली झोपडपट्टीचे दिवे दिसायला लागले, आणि एकाएकी इंजिनं किंचाळली, विमान नाक वर करून पुन्हा ढगात घुसलं. त्यानंतर वीसेक मिनिटं कुणी चकार शब्द बोललं नाही. ना पायलट, ना हवाई सुंदरी. शेजारचे आजोबा जपमाळ ओढत होते. शेवटी उतरलो नीटच, पण तेव्हापासून मी शक्य तिथे रेल्वेने जाते.

मसाई माराला रेल्वे जात नाही. नैरोबीहून गाडीने पाच-सहा तास, शेवटचा टप्पा तर चांगलाच हाडं खिळखिळी करणारा. विमानाने पाऊण तास. नवऱ्याच्या पाठीच्या मणक्याने निकाल दिला.

त्यात विमान कुठलं, तर सेसना कॅरॅव्हान. बारा-तेरा माणसं मावतात, पंख छताला चिकटलेले, चाकं कायम बाहेरच. इंजिन एक. "एकच?" मी पुण्यात लेकीला विचारलं होतं. "आई, रिक्षालाही एकच असतं." या उत्तराने कुणाची भीती जाते, मला माहीत नाही. थोडा उपयोग झाला तो दुसऱ्या एका माहितीचा. हे विमान अगदी सावकाश उडू शकतं. उतरण्याच्या तयारीत असताना ते साधारण 61 नॉट, म्हणजे ताशी 113 किलोमीटरपर्यंत हळू झालं तरी हवेत टिकतं. आमचे जावई एक्स्प्रेस वेवर याहून जोरात जातात आणि मी मागच्या सीटवर बिनघोर झोपलेली असते.

विल्सन हे नाव एका बाईंचं. फ्लॉरेन्स विल्सन यांनी 1929 मध्ये नैरोबीत विमान कंपनी काढली. 1962 मध्ये विमानतळाला त्यांचं नाव दिलं गेलं. स्वाहिलीत विमानतळाला म्हणतात 'उवान्जा वा न्देगे'. न्देगे म्हणजे विमान, आणि न्देगे म्हणजेच पक्षी. पक्ष्यांचं मैदान. विम्याला 'बिमा' म्हणतात, हेही मला तिथेच कळलं, आणि त्या क्षणी तो शब्द फार जवळचा वाटला.

वाकून आत शिरलो. मला पायलटच्या मागचीच रांग मिळाली, मधे ना दार ना पडदा. कॅप्टन माझ्या लेकीच्या वयाची, केसांच्या बारीक वेण्या घातलेली. तिने मान वळवून, माइक न घेता, वर्गात बाई सांगतात तसं सांगितलं: पट्टे बांधा, थांबे तीन आहेत, आपलं तिकीट कुठपर्यंतचं ते लक्षात ठेवा. म्हणजे हे विमान नव्हे, एसटीच. आमचा थांबा शेवटचा. म्हणजे एका तिकिटात तीनदा चढायचं, तीनदा उतरायचं. हे लेकीने सांगितलं नव्हतं.

नैरोबी शहरच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे. विरळ हवेमुळे विमान धावपट्टीवर जरा जास्त धावतं. मी डोळे मिटले नाहीत, कारण समोर तिचा उजवा हात होता. चार बोटं आणि अंगठा एका दांड्यावर, सावकाश पुढे ढकलत. आवाज वाढला तो हाताबरोबर. आवाज बदलला की मी हाताकडे बघायचे, आणि दर वेळी हात हललेला असायचा. पाऊण तासात मी खिडकीबाहेर जेवढं पाहिलं, त्याहून जास्त त्या हाताकडे पाहिलं असेन.

तरी काही दिसलंच. एन्गाँगच्या डोंगरांवर पवनचक्क्या. मग जमीन अचानक खाली निघून गेली. खंडाळ्याच्या कड्यावर उभं राहिल्यावर कोकण खाली जातं ना, तशी, पण समोरचा काठ दिसत नाही इतकी रुंद. ही रिफ्ट व्हॅली, जमीन खचून झालेली दरी. दूर उजवीकडे लोंगोनोट हा ज्वालामुखी, आणि जवळ दुसरा ज्वालामुखी, सुस्वा: एका विवरात दुसरं विवर, वाटीत वाटी ठेवल्यासारखं. मग नारोक गावाच्या बाजूचे गव्हाचे पट्टे, मसाई लोकांच्या वस्त्यांची गोल काटेरी कुंपणं, आणि शेवटी पिवळं गवत. त्यावर काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. ऑगस्ट होता, विल्डबीस्टचे, म्हणजे बैलासारख्या दिसणाऱ्या हरणांचे, कळप आले होते.

पहिले दोन थांबे हिसके खात, पण नीट झाले. तिसरा थांबा ओल किओम्बो. समोरच्या काचेतून गवतात एक लाल मातीची रेघ दिसली, हीच धावपट्टी. रेघेवरून एक जीप धूळ उडवत पळत होती. मला वाटलं, आम्हाला न्यायला आलेल्या माणसाला घाई झालीय. मग जीपच्या पुढे सात-आठ झेब्रे दिसले. ते डावीकडे पांगले. एक मात्र परत फिरला, बरोबर मधोमध आला आणि उभा राहिला. रस्त्यात बसकण मारलेल्या म्हशीच्या चेहऱ्यावर असतो तोच भाव, एवढ्या उंचीवरूनही कळत होता.

हात पुढे गेला. इंजिन ओरडलं, नाक वर, पोटात खड्डा. तोच खड्डा, मुंबईच्या त्या रात्रीचा. शरीराने तो अचूक ओळखला. नवऱ्याने माझा हात धरायच्या आत मी त्याचा धरला होता. तेवढ्यात कॅप्टन खांद्यावरून ओरडली, "पुंडामिलिया!" आणि शेजारच्या पायलटने बोटाने खाली दाखवलं.

पुंडा म्हणजे गाढव, मिलिया म्हणजे पट्टे. पट्टेवालं गाढव. मागची दोन स्वाहिली जाणणारी माणसं खो खो हसली, अर्थ कळल्यावर बाकीचे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा, विमान एका पंखावर कलून वळत असताना. खिडकीत आकाश नव्हतंच, सरळ तालेक नदी होती आणि काठाच्या पाण्यात काळे गुळगुळीत दगड. त्यातल्या एका दगडाने तोंड उघडलं. पाणघोडे.

दुसऱ्या खेपेला धावपट्टी मोकळी होती. टेकल्यावर खडीचा खडखडाट, लाल धूळ, आणि उतरल्यावर माझे पाय लटलट कापत होते. भीती गेली वगैरे काही नाही.

माराबद्दल सगळेच लिहितात, मी एकच सांगते. सकाळी एका वठलेल्या झाडावर वीसेक गिधाडं बसली होती, जवळच शिकार पडलेली असूनही. आमचा गाइड म्हणाला, "मामा, ती जमीन तापायची वाट बघतायत." ऊन चढलं की गरम हवेचे खांब वर जातात, त्यावर स्वार होऊन ती पंख न हलवता उंच जातात. परतीचं विमान दुपारचं होतं. त्याच खांबांमधून जाताना ते शेंगदाणे भाजल्यासारखं आम्हाला उडवत होतं. खिडकीच्या पातळीला एक गिधाड निवांत गोल फिरत होतं. तुम्ही जाणार असाल तर दोन्ही वेळचं विमान सकाळचं घ्या, आणि पुढची जागा मागा.

मग रात्री नैरोबी-मुंबई. मोठं विमान, दोन इंजिनं, गरम जेवण, मऊ पांघरूण. समुद्रावर कुठेतरी ते थरथरलं आणि सीटबेल्टचा दिवा लागला. कुणी काही बोललं नाही. मी पुढे बघितलं: पडदा, त्यापुढे अजून एक पडदा, त्यापुढे कुठेतरी बंद दार. मी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"काय झालं असेल हो?"

तो डोळे न उघडताच म्हणाला, "पुंडामिलिया."