भोर घाट, एन स्केल : हात पोचेल तिथेच रूळ

मंडळी, माझ्या एन स्केल (१:१६०) मॉडेल रेल्वेच्या कर्जत-लोणावळा लेआउटचं बेंचवर्क, म्हणजे खालचा सांगाडा, पूर्ण झालंय. अप आणि डाउन दोन्ही लाइनींचा ट्रॅक मधल्या बोगद्यापर्यंत टाकून झाला, आणि सात डब्यांची गाडी मागे बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावून चढावर न थांबता गेली. कोपऱ्यांतले डोंगर सोडले तर पेंटिंग आणि झाडोऱ्याला अजून अवकाश आहे. म्हणून या खेपेला सगळं आराखड्याबद्दलच लिहितो. आपल्यातले बरेच जण घाटाचं मॉडेल करायचं मनात धरून आहेत आणि घाटाचा आराखडा सपाट यार्डासारखा काढून चालत नाही.

माझी पहिली अट कागदावर रेघ ओढायच्या आधीच ठरली होती : ज्या ट्रॅकपर्यंत दोन्ही हात पोचत नाहीत तो ट्रॅक टाकायचा नाही. घाट म्हटला की बोगदे आले आणि बोगदा म्हणजे डोळ्याआड गेलेला ट्रॅक. धूळ तिथेच साचते, कोळिष्टकं तिथेच होतात, आणि डबा घसरला तर तोही बहुतेक वेळा तिथेच. खऱ्या भोर घाटात पावसाळ्याच्या तोंडावर हिल गँगची माणसं कड्यांवर चढून सैल झालेले दगड शोधून पाडतात, ती लाइन चालू राहावी म्हणूनच. तरीही २०१९च्या पावसात मंकी हिल-नागनाथ भागात मार्गाचं नुकसान झालंच. देखभालीला माणूस कुठून पोचणार हे खऱ्या रेल्वेला आधी बघावं लागतं, तर मॉडेलमध्ये ते शेवटी का बघायचं?

आता पोच म्हणजे नेमकं किती? मॉडेलवाल्यांमध्ये साधारण ६० सेंमी ही सोयीची आणि ७५ सेंमी ही शेवटची मर्यादा धरतात. मी पुठ्ठ्याचं शेल्फ करून ते १०० सेंमी उंचीवर टेकवलं आणि मोजून पाहिलं. खांदा तिरका करून एक हात लांबवला तर बोटांची टोकं ७० सेंमीपर्यंत सहज जातात. पण एन स्केलचा डबा रुळावर परत ठेवायचा तर दोन्ही हात लागतात, एकाने बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) धरायची आणि दुसऱ्याने डबा. अंग सरळ ठेवून दोन्ही हातांनी काम करायला गेलं की तीच पोच ५५ सेंमीवर येते. त्यात पुढच्या बाजूला विजेचे खांब आणि झाडं उभी राहणार, म्हणजे कोपर वर उचलून धरावं लागणार. म्हणून भिंतीला लागून शेल्फ ४५ सेंमी रुंद ठेवलं, एवढंच. ही चाचणी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावी. दुसऱ्याच्या आकड्यावर प्लाय कापू नये.

खोली ३.६ बाय ३ मीटरची आहे. दार असलेली भिंत सोडली आणि उरलेल्या तीन भिंतींना लागून यू आकार केला. दारापुढून पूल घालून लूप पूर्ण करायचा मोह होतोच. पण लूप झाला की खोलीत शिरताना दर वेळी वाकून खालून जायचं किंवा पूल उचलायचा. एका टोकाला कर्जत, दुसऱ्या टोकाला लोणावळा, मध्ये घाट. खरी गाडी तरी गोल कुठे फिरते?

खरा घाट २८ किलोमीटरच्या आसपास आहे. १:१६० मध्ये तो पावणेदोनशे मीटर होईल. माझ्याकडे भिंतीपासून ८ सेंमी आत धरलेल्या ट्रॅकच्या मध्यरेषेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिळून साडेनऊ मीटर भरतात. दोन्ही स्थानकं आणि टोकांच्या कॅसेटची (गाडीसकट उचलता येणाऱ्या ट्रॅकच्या पट्टीची) जागा वजा जाता चढाला सव्वाचार मीटर उरतात. प्रत्यक्षातला ३७ला १ हा चढ जसाच्या तसा घेतला, त्यामुळे लोणावळा कर्जतपेक्षा साडेअकरा सेंमी उंच आहे. एवढ्या चढावर आणि वळणावर एकटं इंजिन सात डबे ओढताना चाकं घसरवतं. म्हणून बँकर इथे शोभेचा नाही, त्याच्याशिवाय गाडी वर जातच नाही, आणि मला घाटाचं मॉडेल करायचं होतं ते याचसाठी. खऱ्या कर्जतला बँकर लागताना पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कोपऱ्यांचं गणित जरा सविस्तर लिहितो, कारण यू आकारात पोचेची खरी अडचण तिथेच असते. ४५ सेंमीचं शेल्फ कोपऱ्यात वळलं की आतल्या कडेपासून भिंतीच्या कोनापर्यंतचं अंतर कर्णावर ६४ सेंमी होतं. म्हणजे माझ्या दोन हातांच्या पोचेपलीकडे. पण वळणाची त्रिज्या ३८ सेंमी घेतली तर ट्रॅक कोनात शिरतच नाही, तो कोनापासून साधारण २७ सेंमी अलीकडून वळतो. म्हणजे आतल्या कडेपासून ट्रॅकचं अंतर ३७ सेंमीच राहतं. त्रिज्या लहान केली तर जागा वाचल्यासारखी वाटते, पण ट्रॅक कोनाकडे सरकतो आणि पोच जाते. मोठ्या त्रिज्येने दिसणंही सुधारतं आणि हातही पोचतो. मागचा रिकामा त्रिकोण डोंगराला दिला. तिथे एकदा रंगकाम झालं की हात घालायची गरज नाही.

खऱ्या घाटात बोगद्यांची रांगच आहे. माझ्याकडे तीन. प्रत्येकाला माझा नियम एकच : बोगद्यात पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) नाही आणि रुळाचा सांधाही नाही. फ्लेक्सी ट्रॅकच्या (हवा तसा वाकवता येणाऱ्या तयार ट्रॅकच्या) तुकड्याची लांबी ९१४ मिमी असते. बोगदे त्याहून आखूड ठेवले, म्हणजे एकच अखंड तुकडा आरपार जातो आणि दोन्ही टोकांचे जॉइनर (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) उजेडात येतात. पावसाळ्यात प्लाय फुगतो, हिवाळ्यात आकसतो. ती हालचाल सामावणारी फट त्या उघड्या जॉइनरांत ठेवली. रुळांना वीज देणाऱ्या ड्रॉपर वायरीही बोगद्याच्या तोंडाबाहेरच सोल्डर केल्यात.

एन स्केलच्या बोगद्याच्या तोंडातून हात जात नाही, त्यामुळे वाट दुसरीकडून काढावी लागली. कर्जतकडचा बोगदा शेल्फच्या पुढच्या कडेजवळ आहे, त्याला फॅसियामध्ये (शेल्फच्या पुढच्या उभ्या फळीत) ३० बाय १० सेंमीची खिडकी कापली आणि तिचं झाकण मॅग्नेटवर बसवलं. ही मागणी बाबांची. कर्जत स्टेशन बाबा सांभाळणार आणि तेही बसून, कारण गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. आराखडा दाखवला तेव्हा ते म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण बोगद्यात गाडी अडकली तर मला उठायला लावू नकोस." लेआउटची उंची १०० सेंमी ठरली तीही त्यांच्या खुर्चीवरून. बहुतेकांना एवढा खाली लेआउट आवडत नाही, पण बसलेल्या माणसाच्या नजरेला तो छान येतो आणि उभ्या माणसाला जरा पुढे वाकून पोचही जास्त मिळते.

कोपऱ्यांतल्या दोन बोगद्यांवरचे डोंगर पूर्ण उचलता येतात. एक्सपीएस (कडक फोम) शीटचे थर फेविकॉलने चिकटवून केले, वजन एका हाताने उचलण्याइतकं. उचलत्या डोंगराचा सांधा कसा लपवायचा हा सगळीकडचाच प्रश्न, पण इथे सह्याद्रीनेच तो सोपा करून ठेवलाय. आपला बेसॉल्ट आडव्या थरांचा. कड्यावर पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा असतातच आणि थराच्या सांध्यावर हिरवळीची पट्टीही. सांधा बरोबर अशा एका रेघेवर घेतला, खालच्या थराला किंचित बाहेर काढलं आणि कडेवर कारवीची झुडपं लावली. रंग दिल्यावर हातभर अंतरावरूनही कुठून उचलायचं ते मलाच शोधावं लागतं. डोंगर जागेवर बसवायला खालून पितळी पिना आहेत.

पॉइंट्स सगळे शेल्फच्या पुढच्या अर्ध्या भागात. घाटातल्या ठाकूरवाडीची कॅच सायडिंग मुद्दाम अगदी कडेला घेतली. घाट उतरणाऱ्या गाडीला तिथे थांबावंच लागतं, ब्रेक ताब्यात आहेत हे दिसल्यावरच पुढची वाट मिळते. नाहीतर पॉइंट तिला डोंगरावर चढणाऱ्या सायडिंगमध्ये घालतो. ते दृश्य बघणाऱ्याच्या अगदी समोर हवं होतं. पॉइंट हलवायला सायकलचे स्पोक पितळी नळीतून फॅसियापर्यंत आणलेत, टोकाला लाकडी गुंडी. शेल्फखाली आडवं होऊन मोटर बदलायची वेळच येत नाही. डीसीसीचं (गाड्यांच्या डिजिटल कंट्रोलचं) बाकीचं वायरिंग फॅसियामागे बिजागरीवर खाली पडणाऱ्या फळीवर आहे, खुर्चीत बसून सोल्डरिंग होतं.

गाड्या उभ्या करायला लोणावळ्याखाली लपवलेलं यार्ड करावं असं अनेकांनी सुचवलं. साडेअकरा सेंमीच्या फरकातून वरचा प्लाय आणि आडव्या पट्ट्या वजा केल्या की मूठ आत जात नाही, म्हणून तो विचार सोडला. त्याऐवजी दोन्ही टोकांना कॅसेट आहेत. १२० सेंमीची प्लायची पट्टी, तिच्यावर ९ मिमी अंतराने अॅल्युमिनियमचे दोन अँगल, त्यांच्या उभ्या कडा हेच रूळ. टोकाच्या पितळी नळ्या सरकवल्या की जुळणीही होते आणि वीजही पोचते. सात डबे आणि डब्ल्यूसीएम हे विजेचं इंजिन मिळून १०६ सेंमी होतात, तेवढी गाडी कॅसेटसकट उचलून भिंतीवरच्या मांडणीवर ठेवता येते. अँगल कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

उरलंय ते मोठं काम, ओव्हरहेड, म्हणजे ट्रॅकवरच्या विजेच्या तारा. १९२९-३०ला घाटात १५०० व्होल्ट डीसी आली आणि १ जून १९३०ला डेक्कन क्वीन सुरू झाली. तारांशिवाय हा घाट अपुरा आहे. पण ताणलेल्या तारा म्हणजे ट्रॅक आणि हात यांच्यामध्ये कुंपणच. सध्या असं ठरवलंय की प्रत्येक खांब शेल्फमध्ये पुरलेल्या पितळी नळीत नुसता खोचायचा आणि तार दोन बोगद्यांच्या दरम्यान एका तुकड्याची ठेवायची, म्हणजे खांबांसकट तो अख्खा पल्ला उचलून बाजूला काढता येईल. बोगद्यात तार नाही. पहिला पल्ला मंकी हिलच्या समोर, सहा खांबांचा. फॉस्फर ब्रॉन्झची तार आणलीय, ती जुळवायला जिग (साचा) बनवतोय. कुणी एनमध्ये काढता येणारं ओव्हरहेड केलं असेल तर तारेची जाडी किती घेतली आणि उन्हाळ्यात ती सैल पडते का ते जरूर कळवा, सोल्डरला हात घालायच्या आधी ते कळलं तर बरं होईल.