बेनिडॉर्म पायी पाहताना: टॉवर, त्यांच्यामधली जमीन आणि १९५६ चा आराखडा

स्पेनच्या आलिकान्ते प्रांतातलं बेनिडॉर्म लोक वाळूवर बसून बघतात आणि ‘सिमेंटचं जंगल’ म्हणून मोकळे होतात. नगररचनेत रस असेल तर समुद्राकडे पाठ करावी आणि इमारतींच्या उंचीपेक्षा त्यांच्या पायथ्याची जमीन बघावी. या गावाचा खरा निर्णय त्या जमिनीबद्दलचा होता.

१९५० च्या सुमारास इथे तीनेक हजारांची वस्ती होती, ट्यूनाच्या जाळ्यांवर काम करणाऱ्या खलाशांची आणि थोड्याफार शेतकऱ्यांची. आज कायम राहणारेच सत्तर हजारांच्या घरात आहेत. पेद्रो सारागोसा हे महापौर असताना १९५६ मध्ये संपूर्ण गावाचा विकास आराखडा मंजूर झाला. सारागोसांनी किनाऱ्यावर बिकिनीला दिलेली परवानगी आणि व्हेस्पा स्कूटरवरून स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याला भेटायला माद्रिदला जाणं, हा किस्सा प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. ऐकायला मजा येते, पण गावाचा आकार त्या आराखड्याने ठरवला. सुरुवातीची कल्पना बुटक्या इमारती आणि बागांची होती. १९६३ च्या दुरुस्तीत उंचीची मर्यादा उठली आणि बांधकामाच्या एकूण क्षेत्रफळावरची मर्यादा राहिली.

आपल्याकडे चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा), माहीत असलेल्याला हे लगेच कळेल. समजण्यापुरता हिशेब असा: भूखंड ४,००० चौरस मीटर आणि निर्देशांक २, म्हणजे एकूण बांधकाम ८,००० चौरस मीटर. एका मजल्याला २,००० चौरस मीटर दिले तर चार मजल्यांत काम संपतं आणि निम्मा भूखंड झाकला जातो. मजला ४०० चौरस मीटरचा केला तर वीस मजले होतात, पण नव्वद टक्के भूखंड मोकळा राहतो. बांधकाम तेवढंच. शिवाय वरच्या खोल्यांतून समुद्र दिसतो, म्हणून बिल्डरही खुशीने वर गेले. मुंबईत निर्देशांक वाढवून मिळतो म्हणून इमारत उंच होते. इथे आहे तेच क्षेत्रफळ उभं केलेलं आहे. हा फरक डोक्यात ठेवून चाललं तर पुढचं सगळं उलगडतं.

निघण्यापूर्वी घरी बसून दोन कामं उरकावीत. स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या संकेतस्थळावर १९५६-५७ च्या अमेरिकन विमान पाहणीची हवाई छायाचित्रं मोफत बघता येतात; बेनिडॉर्मचा तुकडा उतरवून आजच्या नकाशाशेजारी ठेवावा. आज टॉवर आहेत तिथे शेताचे बांध दिसतात. दुसरं म्हणजे कातास्त्रो, म्हणजे तिथली मालमत्ता नोंदणी. नकाशावर इमारतीला टिचकी मारली की बांधकामाचं वर्ष, क्षेत्रफळ आणि वापर कळतो. मालकाचं नाव कळत नाही. दहा-बारा इमारती आधीच निवडून त्यांची यादी फोनमध्ये ठेवलेली बरी, कारण उन्हात उभं राहून स्पॅनिश नकाशाशी झटापट करणं अवघड जातं.

पोहोचण्यासाठी आलिकान्तेच्या विमानतळावरून थेट बस आहे, पाऊण तासाच्या आसपास लागतो. नगररचना बघायची तर शहरातल्या लुसेरोस स्थानकावरून एक नंबरची ट्राम घ्यावी. सव्वा तासाच्या आत-बाहेर वेळ जातो, पण किनाऱ्यावर पसरलेल्या बंगल्यांच्या वसाहती वाटेत दिसतात आणि तुलनेला त्या लागतातच. बेनिडॉर्मचं ट्राम स्थानक गावाच्या वरच्या अंगाला आहे. समुद्रापर्यंत उतार आहे आणि परतताना तोच चढ होतो, त्यामुळे जड बॅग असेल तर बस सोयीची.

चालण्याचा क्रम उजेडावर ठरवावा. सकाळी पूर्वेचं टोक, रिंकोन दे लोइश. तिथून सेरा जेलादाच्या डोंगरावरच्या मोठ्या क्रुसापर्यंत डांबरी वाट जाते. चढ खडा आहे, सावली नाही आणि वाटेत पाणी मिळत नाही. माणशी किमान लिटरभर न्यावं. सकाळी सूर्य पाठीमागे असल्याने अख्खं गाव स्वच्छ दिसतं. टॉवर एकमेकांना चिकटलेले नाहीत, मध्ये मध्ये हिरवे-निळे चौकोन आहेत, हे इथून कळतं. किनाऱ्यावरून मात्र तेच टॉवर एकामागे एक येऊन भिंतीसारखे भासतात. डोंगर २००५ पासून संरक्षित नैसर्गिक उद्यान आहे, त्यामुळे वाट सोडू नये.

खाली उतरल्यावर सुमारे दोन किलोमीटरच्या लेव्हान्ते किनाऱ्याने न जाता एक-दोन रस्ते आत, आव्हेनिदा देल मेदितेरानेओने चालावं. भूखंडांच्या कडा नीट बघाव्यात. सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यामधली मोकळी जागा, सोडलेलं आहे, पण बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडेला एकमजली दुकानांचे गाळे आलेत आणि मागची मोकळी जागा कुंपणाआड गेली आहे. पोहण्याचे तलाव, टेनिस कोर्ट, गाड्या. आराखड्याचा सगळ्यात कच्चा दुवा इथे दिसतो: जमीन मोकळी राहिली, सार्वजनिक झाली नाही. कुंपणांच्या आत शिरू नये. फाटकातून पुरेसं दिसतं.

सावलीचा मुद्दा इथेच तपासता येतो. किनारा साधारण दक्षिणमुखी असल्याने दुपारची सावली गावाकडे पडते, वाळूवर नाही. जूनमध्ये मात्र सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहा-सातनंतर टॉवरांच्या सावल्या वाळूकडे सरकतात. फक्त दुपारचे फोटो बघून निष्कर्ष काढणारे इथे फसतात.

जुनं गाव दोन किनाऱ्यांमधल्या खडकावर आहे. गल्ल्या अरुंद, मध्ये सान हाइमेचं चर्च. अर्धा तास पुरतो. त्यामागचं लाइग्वेरा उद्यान चुकवू नये. रिकार्दो बोफिलच्या कार्यालयाने ते जुन्या ओढ्याच्या जागी रचलं. भूमध्य किनाऱ्यावर शरद ऋतूत काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो, तेव्हा ओढ्याच्या मार्गात इमारतींऐवजी उद्यान असणं किती शहाणपणाचं, ते वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरच्या आसपास गेलात तर हवामान खात्याचा इशारा रोज बघावा. इशारा असेल त्या दिवशी ओढ्यानाल्यांच्या बाजूला जाऊ नये.

पाण्याशिवाय या गावाची गोष्ट अपुरी राहते. १९७८ च्या दुष्काळात जहाजांनी पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्यानंतर मरीना बाहा या परिसराच्या पाणी संघाने अदलाबदलीची रीत बसवली: शेतकऱ्यांना सिंचनासाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि गावाला धरणांतलं चांगलं पाणी. उंच आणि दाट वस्तीला नळाचं जाळं आखूड लागतं, बागांना पाणी कमी जातं. टेकड्यांवरचे बंगले दिसायला सौम्य असले तरी माणशी जमीन, रस्ता आणि पाणी तिथे जास्त खर्च होतं.

दुपारनंतर पोनिएन्ते, म्हणजे जुन्या गावाच्या पश्चिमेचा किनारा. कार्लोस फेरातेर यांच्या कार्यालयाने केलेला, २००९ मध्ये पूर्ण झालेला रंगीत, लाटांसारखा वळणारा फिरण्याचा रस्ता दीड किलोमीटरचा आहे. त्याचा कठडा नुसता सजावटीचा नाही. त्याच्या वळणांतूनच वाळूपर्यंतचे उतार आणि जिने काढलेत. पुढे इंटेम्पोचे जोड टॉवर दिसतात. काम २००७ ला सुरू झालं, मंदीत अडकलं आणि २०२१ मध्ये पुरं झालं. ‘लिफ्टच विसरले’ ही त्याच्याबद्दलची अफवा जगभर फिरली, ती खोटी आहे. पलीकडे २००२ चं, १८६ मीटर उंचीचं ग्रान ओतेल बाली हे हॉटेल.

शेवटी तोसाल दे ला कालाची टेकडी. रोमन छावणीचे अवशेष तिथे आहेत, चढ सोपा आहे आणि संध्याकाळचा प्रकाश पूर्वेकडे, म्हणजे गावावर पडतो. टेकडीपलीकडची काला दे फिनेस्त्रात ही दुसऱ्या नगरपालिकेची हद्द. तिथल्या इमारती बेनिडॉर्मच्या आराखड्याखाली येत नाहीत, म्हणून मोजणी किंवा तुलना करताना आधी हद्दीची रेषा नकाशावर आखून घ्यावी. कातास्त्रोच्या नोंदीत नगरपालिकेचं नाव असतं, ते प्रत्येक इमारतीसाठी तपासावं.

हंगाम म्हणाल तर ऑगस्ट टाळावा: गर्दी असते आणि सरकारी कचेऱ्या सुस्त असतात. नोव्हेंबर ते मार्चही चालेल, कारण निवृत्तांच्या सरकारी अनुदानित सहलींमुळे इथली बरीच हॉटेलं हिवाळ्यातही उघडी असतात. आराखड्याची कागदपत्रं बघायला नगरपालिकेत जायचं तर आधी वेळ घेऊन सकाळीच जावं. दुपारी दोननंतर कुणी भेटेल ही आशा धरू नये.