विकलीत कशी, असं विचारता म्हणून

गाडी जाऊन दोन वर्षं झाली, तरी भेटल्यावर पहिला प्रश्न तोच. "एवढी जीव लावून उभी केलेली, विकवली तरी कशी हो तुम्हाला?" काहीजण हळहळून विचारतात, काहीजण मी घरातलं माणूस विकल्यासारखं. आजवर मी तीन उत्तरं दिली आहेत. जागा नाही. कंबर साथ देत नाही. वापर होत नव्हता. तिन्ही पटण्यासारखी आहेत आणि तिन्हींत थोडं थोडं तथ्यही आहे. पण जागा आजही तेवढीच आहे, तिथे आता नुसती ताडपत्री पडलेली असते. कंबर गाडी घेतली तेव्हाही दुखतच होती. तेव्हा एकदाच नीट लिहून टाकतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे करीन.

गाडी तुम्हाला ठाऊक आहे. 1970ची फोक्सवॅगनची व्हॅन, पुढे एकच मोठी वाकडी काच असलेली, इंजिन मागे आणि तेही हवेवर थंड होणारं. पत्र्याची सहा वर्षं मी इथे काढत नाही. गंज कुठे कुठे लपला होता ते ऐकून तुमचे कान किटले आहेत. खर्च निघाला का, हेही विचारता. नाही निघाला.

इंजिनाबद्दल मात्र बोलावं लागेल. मूळचं इंजिन 1600, म्हणजे मोजून 1584 सीसी. गाडीचं रिकामं वजन टनाच्या वर, त्यात चार माणसं बसली की घाटात दुसऱ्या गियरमध्ये ती अक्षरशः रडायची. मी मूळ इंजिन तसंच झाकून ठेवलं आणि दुसरी केस, म्हणजे इंजिनाचं कवच, घेऊन 1776चं बांधलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, मूळचाच, 69 मिलिमीटर; बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 85.5चा 90.5 केला. त्यासाठी केस आणि हेड दोन्ही मशीनवर चढवावी लागतात. क्रँक, फ्लायव्हील, क्लच एकत्र बॅलन्स करून घेतले. दोन्ही अंगांना एकेक कार्बोरेटर. मूळ इंजिनाला ऑइल फिल्टर नसतोच, नुसती जाळी असते. मी फिल्टर बसवला. कॉम्प्रेशन मुद्दाम फार वाढवलं नाही, कारण मला गाडी पळवायची नव्हती, चढवायची होती. आणि तिसऱ्या सिलिंडरचा जुना रोग. या मॉडेलात ऑइल कूलर पंख्याच्या झाकणाच्या आत, तिसऱ्याच्या हवेच्या वाटेतच उभा असतो, म्हणून तिसरा कायम जास्त तापतो. कंपनीने 1971च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला. मी तीच नंतरची रचना बसवली आणि वहीत लिहिलं: "3 नंबरचा प्रश्न संपला." खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा ओढणारा माणूस आज समोर आला तर त्याच्याशी मला बरंच बोलायचं आहे.

असं बांधलेल्या इंजिनाला पुस्तक नसतं. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोट्या, कोणते, टायमिंग किती, कोणता नट किती आवळला, सगळं त्या वहीत. आणि वहीत न मावणारं सगळं माझ्या कानात. दोन कार्बोरेटर सारखे खेचतायत की नाही हे मी रबरी नळीचा तुकडा कानाला लावून ठरवायचो. दोन्हीकडची सूं सारखी आली की झालं. हे इंजिन तापलं की रुंदीला वाढतं आणि दोन कार्बोरेटरांना जोडणारा दांडा तेवढा वाढत नाही. म्हणून थंडपणी जुळवलेलं गरमपणी बिघडतं, त्यासाठी आधीच किंचित वाकडं जुळवायचं. किती किंचित? ते कान सांगायचा.

टॅपेटचंही तेच. वॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग तो, त्याच्यात आणि वॉल्व्हच्या टोकात केसभर फट ठेवावी लागते. पाण्याच्या इंजिनात सिलिंडरभोवती पाणी असतं, बराच आवाज त्यातच विरतो. इथे नुसती हवा. त्यामुळे टॅपेट ऐकू येतात आणि ऐकू यायलाच हवेत. फट जास्त झाली तर टकटक वाढते, त्याने लगेच काही बिघडत नाही. फट मिटली की आवाज बंद होतो आणि खरी भानगड तिथून सुरू होते. जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह मिटताना आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, टेकून उष्णता हेडला देतो. टेकलाच नाही तर जळतो. किंवा दांडी ताणत जाते, एक दिवस मुंडी तुटून सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनचा चुरा होतो. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते म्हणायचे, टॅपेट वाजतोय तोवर निवांत झोप.

आता त्या घाटाचं.

मी, बायको आणि भाचा. भाचा एकोणीस वर्षांचा, मागच्या बाकावर आडवा, म्हणजे बरोबर इंजिनाच्या डोक्यावर. चढ लांबलचक होता आणि गाडी तिसऱ्या गियरमध्ये अशी चढत होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. आणि कमालीची शांत. गेले काही महिने ती शांतच चालत होती. मी मनात म्हणायचो, रिंगा बसल्या, सगळे भाग एकमेकांना सरावले, हे आपल्या हाताचं कसब. त्या दिवशी राहवलं नाही. मोठ्याने म्हणालो, "बघा, टॅपेटचा आवाज तरी येतोय का?"

मागून भाचा म्हणाला, "येतोय की. मघापासून टकटक चाललंय."

मी त्याला हसण्यावारी नेलं. मागच्या खिडकीचा खुळखुळा असेल म्हणालो. तो म्हणाला, खिडकी धरून बघितली, तिथून नाही. मी म्हटलं, जॅक हलत असेल. तो म्हणाला, "मामा, तू गॅस सोडलास की टकटक हळू होते, दिलास की भरभर." हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. जॅक गॅसबरोबर भरभर वाजत नाही. मी बायकोकडे बघितलं. ती सरळ समोर बघत म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे. बरेच दिवस येतोय."

बरेच दिवस.

पुढच्या रुंद जागेवर गाडी घेतली. इंजिन चालू ठेवून मागचं झाकण उघडलं आणि डोकं आत घातलं. पंख्याची घरघर, बेल्ट, एक्झॉस्टची फटफट, सगळं होतं. टकटक नव्हती. भाचा दोन हात लांब उभा राहून बोटाने हवेत ठेका धरत होता. टक, टक, टक. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो आणि मला त्या ठेक्याखाली काहीही ऐकू येत नव्हतं. "डावीकडे की उजवीकडे?" मी विचारलं. तो वाकून म्हणाला, डावीकडे. डावीकडे म्हणजे तिसरा आणि चौथा.

फट थंड इंजिनावर मोजायची असते, रात्रभर निवलेल्या. मग रात्र तिथेच काढली. झोपायची सोय गाडीतच होती, दोघं झोपलीही. मी आढ्याकडे बघत पडलो. माझं गणित असं: डावीकडे टकटक आहे म्हणजे तिसऱ्या-चौथ्यात कुठेतरी फट वाढली आहे, म्हणजे धोका नाही, उद्या पाच मिनिटांचं काम. स्वतःची समजूत घालणं मला चांगलं जमतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

उजाडल्यावर गाडीखाली आडवा झालो, तारेची क्लिप पाडून झाकण काढलं. चौथ्याच्या इनटेकचा लॉकनट सैल. फट एवढी की मोजायची पाती घालायची गरजच नव्हती. ही भाच्याची टकटक. आवळून, जुळवून टाकली. आलोच आहोत तर म्हणून पुली फिरवून तिसऱ्याचा पिस्टन टॉपला आणला. इनटेक ठीक. एक्झॉस्टला 0.15 मिलिमीटरची पाती लावली, तेवढी फट हवी, गेली नाही. 0.10ची गेली नाही. 0.05ची अडकत, कुरकुरत गेली.

म्हणजे जे वाजत होतं ते निरुपद्रवी होतं. जे मरत होतं ते गप्प होतं. आणि मला दोन्ही सारखीच शांतता वाटली होती.

तिथल्या तिथे फट मोकळी करून, हळूहळू चालवत घरी येता आलं असतं. पूर्वीच्या मीने तेच केलं असतं आणि ते कौतुकाने सांगितलंही असतं. या खेपेला गाडी ओढून आणली. इंजिन उतरवलं, हेड काढलं, वॉल्व्ह हातात घेतला. मुंडीच्या जरा वर दांडी बारीक झाली होती, बोट फिरवलं तरी कळेल इतकी. अजून एखादा घाट चढला असता की अजून शंभर, कुणी सांगावं?

नंतर कान तपासले. बंद खोलीत बसवून, ऐकू आलं की बटण दाबा म्हणाले. आलेखावरची रेघ 2000 हर्ट्झपर्यंत बरी होती, 4000च्या आसपास विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली होती. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, ग्राइंडर वगैरे चालवता का? सहा वर्षं, म्हणालो. कानांना काही लावायचात? नाही. आवाजाचा हिशेब असा आहे: 85 डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करायचा. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. ग्राइंडर त्याच घरातला, आणि मी रविवारचे अख्खे दिवस चाकाच्या कमानीखाली डोकं घालून पत्रा कापला आहे. म्हणजे गाडी उभी करताना तिला ऐकायचे कान त्यातच घालवले. वयही आहेच, सगळं ग्राइंडरवर ढकलत नाही.

इथे तुम्ही म्हणाल, त्यात काय, उपकरणं मिळतात. मिळतात. मी घेतलीही. कार्बोरेटरवर ठेवून हवेचा ओढा मोजायचं मीटर घेतलं, हेडच्या तापमानाचा काटा बसवला. फट मोजायला तर कान लागतच नाहीत, पाती लागते. एक मित्र म्हणाला, पाण्याचं इंजिन बसव. ब्राझीलच्या कारखान्याने 2005च्या अखेरीस या गाडीला तेच केलं आणि 2013पर्यंत ती बनवली. बरोबर आहे. मग टॅपेट कुणालाच नीट ऐकू आले नसते आणि मी चारचौघांच्या बरोबरीला आलो असतो.

मीही स्वतःशी हेच भांडलो. आठ वॉल्व्हांपैकी एकाचं गप्प होणं तरुण कानांना तरी कळलं असतं का? बहुतेक नाही. त्या संध्याकाळी वही काढून शेवटची पातीची नोंद शोधली: 9000 किलोमीटरपूर्वीची. माझाच नियम 5000चा होता. कानावर चाललंय तोवर गाडीखाली कशाला झोपा, असं करत मी मोजणंच सोडलं होतं. म्हणजे दोष कानांचा की माजाचा, हे मला आजही ठरवता येत नाही. माजाचा असेल तर गाडी विकायचं कारणच नव्हतं, दर 5000ला पाती घातली की झालं. कानांचा असेल तर विकली ते बरं केलं. कधी हे वाटतं, कधी ते.

नवा वॉल्व्ह घालून, सगळं जुळवून मी ती पुन्हा चार महिने चालवली. मीटरवर सगळं चोख. पण चालवताना माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. दर चढाला बायकोला विचारायचो, "येतोय का?" ती "हो, येतोय" म्हणायची. पुढे पुढे मी विचारायच्या आधीच म्हणायला लागली. एकदा मला शंका आली की ती न ऐकताच म्हणतेय. विचारलं नाही. त्या आठवड्यात विकायचं ठरवलं.

बघायला आलेल्यांबद्दल काय सांगू. एकाला मूळ नंबरचं इंजिन गाडीतच हवं होतं, माझं 1776 त्याला भेसळ वाटली. एकाने टायरला लाथ मारून बघितली. मग एक बाई आल्या. बोलल्या कमी, गाडीखाली जास्त वेळ होत्या. वही पानापानाने वाचली. वॉल्व्ह हलवणारे दांडे, म्हणजे पुशरॉड, अॅल्युमिनियमचेच ठेवलेत का, म्हणून फट 0.15, बरोबर ना, असं विचारलं. मी त्याच क्षणी गाडी त्यांची समजलो. मूळ इंजिन, वही, उरलेले जेट, नळीचा तुकडासुद्धा दिला. वॉल्व्हची हकीकत सांगितली, ताणलेला वॉल्व्ह दाखवला. जाताना त्यांनी तुमचाच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "जागा नाही हो."

इंजिनातलं काहीही लपवलं नाही, हे शपथेवर सांगतो. वहीतल्या "गरम इंजिन, सूं सारखी" अशा नोंदी शेवटच्या दोन वर्षांत कुठल्या कानांनी केल्या होत्या, ते सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं का? घरात यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही माझीच.

गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला, सोबत चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग. "आवाज बरोबर आहे ना? जरा शांत वाटते." मी फोन कानाला लावला. पंखा, एक्झॉस्ट, सगळं ओळखीचं. मग ते भाच्याला पाठवलं. तो म्हणाला, "टकटक आहे थोडी. पण मामा, किती असायला हवी ते मला काय माहीत?"

बाईंना लिहिलं: रात्रभर निवू द्या, डाव्या बाजूचं झाकण काढा, तिसऱ्याचा एक्झॉस्ट आधी बघा, 0.15.

लगेच उत्तर आलं. "उद्या सकाळी मोजते. पण ऐकून काय वाटलं, ते लिहिलंच नाहीत."