‘जेवलास’मधला ‘स’

काल धाकटी खेळणी टोपलीत कोंबून म्हणाली, “मी सगळं करलं!” मी म्हटलं, “केलं.” तर ठसक्यात, “हो, करलं!” घरात कुणीच ‘करलं’ म्हणत नाही. धरलं, भरलं यांवरून बाईसाहेबांनी नियम स्वतःच काढलाय. चूक, पण हुशारीची.

थोरल्याकडून असली चूक ऐकायला आम्ही आसुसलो होतो. त्याला ऐकू येत नाही हे अडीचाव्या वर्षी कळलं. तोवर “मुलगे उशिराच बोलतात” हे डॉक्टरसुद्धा सांगत होते (राग अजून आहे). मशीन लागल्यावर शब्द भराभर आले, पण शेपट्या तुटलेल्या: “बाबा गाडी ऑफिस.” थेरपीच्या मॅडमनी समजावलं, ‘जेवलास’मधला ‘स’ म्हणजे बारीक, उंच पट्टीची नुसती हवा, तीही शब्दाच्या टोकाला. मशीनमधूनही निसटते. ने, ला, चा यांवरही बोलताना जोर नसतो. जे कानावर पडतच नाही, त्याचा नियम मूल कशावरून काढणार?

खुणाही वापरा, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई धास्तावल्या, मग हा बोलायचाच नाही! मी त्यांना मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाची गोष्ट सांगितली. १९७७पासून तिथल्या राजधानीत, मानाग्वाच्या शाळेत कर्णबधिर मुलं एकत्र आली. शिक्षक शिकवत होते ओठ वाचायला, मुलांनी मात्र मैदानात, बसमध्ये स्वतःची खुणांची भाषा घडवली. मागून आलेल्या लहानग्यांनी तिचं व्याकरण आणखी पक्कं केलं. सासूबाई म्हणाल्या, “पोरं ती पोरंच.” आता ‘पाणी’ची खूण त्याच आधी करतात.

परवा त्यानं बहिणीला विचारलं, “तू जेवलास?”

‘जेवलीस’ हवं होतं. मी सुधारलं नाही.