‘मी गेलो’ की ‘मी गेले’?

सकाळी अकराला पटकथेवर बसलो तेव्हा भिंतीवर सीनची ५८ कार्डं होती आणि सतरावं काही केल्या बसत नव्हतं. जिचा सिनेमा करायचा ती कादंबरी मराठी, २८० पानांची. खुनी मधूनमधून स्वतःच बोलतो, पण बाई आहे की पुरुष, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नाही. सगळी करामत क्रियापदांची. ‘मी कडी काढली’, ‘मी सुरा पुसला’, ‘मला घाम फुटला’. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ म्हणायची वेळच लेखक येऊ देत नाही. फार तर ‘उद्या परत जाईन’.

पडद्यावर व्हॉइसओव्हरच्या पहिल्याच शब्दाला हे फुटतं. दिग्दर्शकांनी हातमोज्यांचे क्लोजअप सुचवले. एका सीनला चालतात. तिसऱ्यांदा प्रेक्षक गोष्ट सोडून कॅमेऱ्यावरच संशय घेतो.

मग हिचकॉकचा ‘सायको’ लावला. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९च्या कादंबरीत नायक नॉर्मनची आई त्याच्याशी सरळ पानावर बोलते, दिसायचा प्रश्नच नाही. हिचकॉकला ती १९६०मध्ये दाखवायची होती, तीही खरी कोण हे कळू न देता. जिन्यावर ती डिटेक्टिव्हवर धावून जाते तो शॉट थेट छतावरून आहे. पुढे नॉर्मन तिला उचलून तळघरात नेतो, तेव्हा कॅमेरा न कापता जिन्यावरून वर सरकत छताला पोचतो, आणि तेवढ्या वेळात खोलीतून दोघांचं भांडण ऐकू येतं. आपले कान भांडणात, तोवर कॅमेरा जागेवर. आईच्या आवाजासाठी एक पुरुष आणि दोन बायका वापरल्या होत्या. आमच्याकडे मात्र दोन-दोन मिनिटांची स्वगतं. इतका वेळ मिसळलेला आवाज ऐकवला तर तो भुताचा वाटतो.

तोडगा हिचकॉकच्याच ‘व्हर्टिगो’त निघाला. बोआलो-नार्सजाक या लेखकजोडीच्या मूळ कादंबरीत रहस्य शेवटी उलगडतं. हिचकॉकने ते साधारण अर्धा तास उरलेला असतानाच प्रेक्षकाला सांगून टाकलं. नायकाला तेवढं माहीत नाही. ‘कोण’ संपतं आणि ‘याला कधी कळणार’ सुरू होतं. मला तर हा सौदा मूळ रहस्यापेक्षा फायद्याचाच वाटतो.

आम्ही खुनी बाई इंटरव्हललाच उघड करायची ठरवली. स्वगतं गेली. खोट्या संशयितांचे ११ सीन निकामी झाले, तेही काढले. त्यात लेखकाचा सगळ्यात लाडका डॉक्टरही गेला. बदल्यात चार नवे सीन आले, चारही तिच्या स्वयंपाकघरात, इन्स्पेक्टर समोर चहा पीत बसलेला.

रात्री नऊला ५१ कार्डं उरली. लेखकाला फोन करायचं काम माझ्याकडे आलं.