रुमैला ते सफवान : तेलक्षेत्राच्या सीमेवरचा प्रवास

इराकमधील बसरा शहराच्या पश्चिमेला पसरलेले रुमैला तेलक्षेत्र सुमारे ८० किलोमीटर लांब असून त्याचे दक्षिण टोक सीमेखालून कुवेतमध्ये शिरते. त्या भागाला रत्का म्हणतात. परवान्याशिवाय या क्षेत्रात कोणालाही प्रवेश मिळत नाही, हे तेथे जाणाऱ्याने आधीच जाणून असावे. सार्वजनिक रस्त्यावरून दिसेल तेवढेच पाहता येते. तरीही ज्याला या दोन देशांमधील सीमेचा आणि तेलाचा वाद समजून घ्यायचा आहे, त्याने बसऱ्याहून जुबैरमार्गे सफवानला जाणारा रस्ता एकदा तरी पाहावा, असे मला मनापासून वाटते.

जुबैर मागे पडल्यावर हिवाळ्यात रस्त्याच्या कडेने प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली वाढवलेले टोमॅटो दिसू लागतात. या वाळवंटी पट्ट्यातील शेती त्यासाठी इराकभर प्रसिद्ध आहे. पश्चिमेच्या क्षितिजावर मात्र वायूच्या ज्वाला दिसतात. तेलाबरोबर वर येणारा वायू साठवून वापरण्याची पुरेशी सोय नसल्याने तो तसाच जाळला जातो. वारा त्या दिशेने असेल तर धुराचा वास दूरवर येतो. या ज्वालांच्या जवळ वस्त्या आहेत आणि तेथे माणसे पिढ्यान्पिढ्या राहत आहेत. जगातील मोठ्या तेलसाठ्यांपैकी एकाच्या शेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला प्रामुख्याने धूर यावा, ही गोष्ट मला सीमेच्या वादाइतकीच गंभीर वाटते.

सफवान हे सीमेवरचे शेवटचे इराकी गाव. गेल्या शतकात ब्रिटिशांच्या पुढाकाराने ठरलेल्या आणि १९३२ च्या पत्रव्यवहारात पुन्हा मान्य झालेल्या वर्णनानुसार येथील सीमा सफवानच्या विहिरींच्या दक्षिणेकडून जात होती; प्रत्यक्षात ती दाखवताना सफवानच्या सर्वांत दक्षिणेकडील खजुराच्या झाडाचा आधार घेतला जाई. झाडे तोडली जातात, नवी लावली जातात, आणि नेमके कोणत्या झाडापासून किती अंतर धरायचे हे त्या पत्रांत लिहिलेले नव्हते. वाळूवरच्या काही शे मीटरना तेव्हा फारसे मोलही नव्हते. १९५३ मध्ये रुमैलात तेल सापडले आणि त्याच अंतराला वेगळीच किंमत आली.

जुलै १९९० मध्ये इराकने कुवेतवर आरोप केला, की इराणशी आपले युद्ध चालू असताना कुवेतने रुमैलातील २.४ अब्ज डॉलरचे तेल काढून नेले. सीमेपलीकडून तिरप्या विहिरी खोदल्याची चर्चाही तेव्हाच जगभर पसरली. कुवेतने आरोप नाकारला आणि २ ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले. तिरप्या विहिरींच्या या कथेवर आजही फार भर दिला जातो, पण मला त्यात मूळ मुद्दा हरवतो असे वाटते. तेलसाठा सलग असेल, तर एका बाजूने सरळ विहिरीतून उपसा झाला तरी तेथील दाब घटतो आणि दुसऱ्या बाजूचे तेल हळूहळू तिकडे सरकते. म्हणजे चोरीचा हेतू नसतानाही शेजाऱ्याचा वाटा कमी होऊ शकतो. साठा एकत्रितपणे विकसित करून उत्पन्न ठरलेल्या प्रमाणात वाटून घेण्याचा करार हाच यावरचा उपाय, आणि नेमका तोच करार येथे नव्हता. आक्रमणाचे समर्थन त्यामुळे होत नाही. भांडणाची जागा मात्र स्पष्ट होते.

अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीने कुवेत मुक्त केल्यावर याच सफवानच्या धावपट्टीवर ३ मार्च १९९१ रोजी तिची इराकी सेनाधिकाऱ्यांशी युद्धविरामाची बोलणी झाली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने सीमांकन केले आणि सुरक्षा परिषदेने ठराव ८३३ द्वारे १९९३ मध्ये ते अंतिम ठरवले. काही तेलविहिरी कुवेतकडे गेल्या, तसेच सफवान व उम्म कसर बंदराच्या भागातील काही इराकी शेतकऱ्यांच्या जमिनी रेषेपलीकडे पडल्या. सामायिक साठ्यांचा अभ्यास एका ब्रिटिश सल्लागार कंपनीकडे सोपवण्यास दोन्ही देशांना २०१९ साल उजाडले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच येथे जाण्याचा योग्य काळ. उन्हाळ्यात पारा ५० अंशांवर जातो. उत्तर इराकमधील स्वायत्त कुर्दिस्तान प्रदेशाचा व्हिसा बसऱ्यात चालत नाही, म्हणून संघीय इराकचाच व्हिसा घ्यावा आणि निघण्यापूर्वी आपल्या दूतावासाची ताजी सूचना वाचावी. वाटेत तपासणी नाके आहेत. पासपोर्टच्या प्रती जवळ ठेवाव्यात आणि अरबी बोलणारा स्थानिक चालक घ्यावा. नाके, सैनिक, नळवाहिन्या व विहिरी यांची छायाचित्रे मुळीच काढू नयेत. डांबरी रस्ता सोडून वाळूत उतरू नये, कारण युद्धांतील सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा या भागात अजूनही सापडतो. व्यवहार इराकी दिनारमध्ये रोखीने होतो. बदलून घेण्यासाठी न्यायच्या डॉलरच्या नोटा नव्या, न चुरगळलेल्या असाव्यात.

सीमा ओलांडून त्याच फेरीत कुवेत पाहण्याचा बेत करू नये. कुवेतसाठी वेगळा व्हिसा लागतो आणि तो प्रवास स्वतंत्रपणे करणेच सोयीचे. तेथे अल अहमदीतील तेलविषयक प्रदर्शन पाहावे आणि माघार घेणाऱ्या इराकी सैन्यावर फेब्रुवारी १९९१ मध्ये जेथे बॉम्बहल्ला झाला, त्या मुतला टेकडीवरून उत्तरेकडे जाणारा ८० क्रमांकाचा महामार्गही पाहावा. तो थेट सफवानच्या समोर येऊन पोहोचतो.